आयकर कायद्याच्या कलम १४३(१) खाली १,२९,३३० रुपयांची मागणी आली आहे. ती हप्त्यांनी भरण्याची परवानगी कशी मिळवावी?

कोलशेतकर (प्रश्न)

नमस्कार.

आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये मी सप्टेंबरअखेर एक नोकरी सोडून ऑक्टोबरपासून दुसऱ्या कंपनीत रुजू झालो. पहिल्या सहा महिन्यांचा पगार ९ लाख आणि नंतरच्या सहा महिन्यांचा ११ लाख, असे एकूण २० लाख रुपये झाले. दोन्ही ठिकाणी टीडीएस कापला गेला. मात्र दुसऱ्या कंपनीच्या हिशेबात आधीचे ९ लाख धरलेले नव्हते, त्यामुळे तिने प्रमाणित वजावट आणि खालच्या टप्प्यांचे सवलतीचे दर पुन्हा एकदा देऊन केवळ ११ लाखांवर कर काढला. नव्या करप्रणालीनुसार माझा वर्षाचा कर उपकरासह २,७८,२०० रुपये होतो आणि दोन्ही फॉर्म १६ मिळून कापलेला कर १,६३,८०० रुपये आहे. म्हणजे १,१४,४०० रुपये कमी पडले.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या कंपनीने आमचा विभागच बंद केल्यामुळे सध्या मला नियमित पगार नाही. सप्टेंबरमध्ये मुदतीच्या आत विवरणपत्र भरले, परंतु त्या वेळी व्याजासह १,२७,०४० रुपये भरणे शक्य नव्हते, म्हणून रक्कम देय दाखवून विवरणपत्र दाखल केले. आता नोव्हेंबरमध्ये बंगळूरुच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडून सूचना आली असून मागणी १,२९,३३० रुपयांची आहे. ही रक्कम मला मान्य आहे. वाद घालायचा नाही. केवळ एकरकमी भरणे गृहकर्जाचा हप्ता सांभाळून जमणार नाही, सहा-सात महिन्यांत मात्र निश्चित फेडता येईल.

आयकर हप्त्यांनी भरण्याची सोय कायद्यात आहे का, असल्यास अर्ज कोणाकडे करावा, आणि तोपर्यंत बँक खाते गोठवले जाण्याची शक्यता कितपत आहे, हे जाणकारांनी सांगावे. पोर्टलवर तशी स्वतंत्र सोय मला कोठे दिसली नाही.

सानपाडा

आपण एवढी चिंता करू नये. मागणीच्या २० टक्के रक्कम भरली की उरलेल्या रकमेला स्थगिती मिळते, असे माझ्या एका सहकाऱ्याच्या बाबतीत झालेले मी पाहिले आहे. आपल्या हिशेबाने ते जेमतेम २६ हजार होतील. बाकीचे सवडीने भरावेत. शिवाय पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये रक्कम आपणच टाकायची असते, त्यामुळे परवानगीची वाट न पाहता दरमहा जमेल तेवढे भरत गेले तरी ते स्वीकारले जाते.

उपवन

मी ठाण्यात सनदी लेखापालाचा व्यवसाय करतो. वरील उत्तरातील दोन्ही गोष्टींत अर्धे तथ्य आहे, आणि अर्ध्या तथ्यावर विसंबून लोक तीस दिवसांची मुदत घालवून बसतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

२० टक्क्यांचा नियम वादग्रस्त मागणीसाठी आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २९ फेब्रुवारी २०१६ च्या कार्यालयीन ज्ञापनाने १५ टक्के ठरवले आणि ३१ जुलै २०१७ च्या ज्ञापनाने ते २० टक्के केले. परंतु ही सवलत मागणीविरुद्ध आयुक्तांकडे पहिले अपील प्रलंबित असेल तेव्हाची आहे, आणि तिचा आधार कलम २२०(६) हा आहे. प्रश्नकर्त्यांना मागणी मान्य आहे, अपील करायचे नाही, करण्यासारखे काही नाहीही. त्यामुळे हा मार्ग त्यांच्यासाठी नाही.

त्यांच्यासाठी असलेली तरतूद म्हणजे आयकर कायदा, १९६१ चे कलम २२०(३). १४३(१) ची सूचना हीच कलम १५६ खालची मागणीची नोटीस मानली जाते आणि ती मिळाल्यापासून तीस दिवसांत रक्कम भरावी लागते. हे तीस दिवस संपण्यापूर्वी करदात्याने अर्ज केल्यास निर्धारण अधिकारी मुदत वाढवून देऊ शकतो किंवा हप्ते बांधून देऊ शकतो, आणि त्यासाठी त्याला योग्य वाटतील त्या अटी घालू शकतो. यातील ‘मुदत संपण्यापूर्वी’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. एकतिसाव्या दिवशी गेलात तर अधिकारी आपले म्हणणे ऐकून घेणार नाही असे नाही, परंतु कलमाचा आधार तुमच्या हातून गेलेला असतो आणि कायद्याच्या दृष्टीने तुम्ही थकबाकीदार झालेले असता.

आता परवानगीशिवाय थोडेथोडे भरण्याविषयी. पोर्टल पैसे घेते हे खरे, आणि भरलेल्या रकमेवरचे पुढचे व्याज थांबते हेही खरे. पण पोर्टलने पैसे घेणे म्हणजे अधिकाऱ्याने हप्ते मंजूर करणे नव्हे. आदेश नसेल तर उरलेल्या रकमेपुरते कलम २२१ खाली दंड आणि कलम २२६(३) खाली खात्यातून वसुलीसाठी बँकेला नोटीस, हे दोन्ही मार्ग विभागाला मोकळे राहतात. दंडाआधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते आणि पुरेसे सबळ कारण असेल तर दंड होत नाही. तरी ते सिद्ध करीत बसण्यापेक्षा आधी अर्ज दिलेला बरा. खाते गोठवले जाईल का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की मुदतीत अर्ज दिलेला, पहिली रक्कम भरलेली आणि बोलावल्यावर हजर राहणारा करदाता हा वसुलीच्या यादीत वर ठेवण्याजोगा माणूस नसतो. मात्र हमी कोणी देऊ शकत नाही.

मागणी २,२९० रुपयांनी का वाढली, हे आपण विचारलेले नाही, पण ते समजून घ्या. आगाऊ कर न भरल्याचे कलम २३४ब चे व्याज दरमहा एक टक्का असते आणि ते एप्रिलपासून १४३(१) खाली उत्पन्न निश्चित होईपर्यंत चालते. विवरणपत्रात ते सप्टेंबरपर्यंत सहा महिन्यांचे, ६,८६४ रुपये होते. नोव्हेंबरपर्यंत आठ महिन्यांचे ९,१५२ झाले. आगाऊ कराचे टप्पे वेळेवर न भरल्याचे २३४क चे ५,७७३ रुपये आहेत तसेच राहिले. मूळ कर मिळवून येणारी बेरीज दहाच्या पटीत पूर्णांकित केली की बरोबर १,२९,३३० येतात, तेव्हा सूचनेत गणिताची चूक नाही. तरीही अर्ज करण्यापूर्वी फॉर्म २६एएस (आपल्या नावे जमा कराचे विभागाकडील विवरण) उघडून दोन्ही कंपन्यांचा टीडीएस पूर्ण जमा दिसतो का, हे पाहावे. एखादी तिमाही कमी दिसत असेल तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज आधी करावा लागेल, आणि तो केल्याने तीस दिवसांची मुदत आपोआप थांबत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

अर्ज कोणाकडे करायचा, यात ठाण्यातील मंडळींची नेहमी गफलत होते. सूचना बंगळूरुहून आली तरी हप्ते बांधून देण्याचा अधिकार आपल्या क्षेत्रीय निर्धारण अधिकाऱ्याचा आहे. तो आपल्या आजच्या पत्त्यावरून नव्हे, तर पॅनच्या नोंदीवरून ठरतो. आपण घोडबंदर रस्त्याला राहत असलात तरी पॅन काढताना कल्याणला असाल आणि नोंद बदललेली नसेल, तर फाईल कल्याणच्या वॉर्डात असू शकते; मग ठाण्यातील वागळे इस्टेटमधील आयकर कार्यालयात कितीही वेळ बसलात तरी तेथील अधिकारी आदेश देऊ शकणार नाही. पोर्टलच्या मुख्य पानावर ‘नो युवर एओ’ (आपला निर्धारण अधिकारी जाणून घ्या) या दुव्यात पॅन आणि मोबाईल क्रमांक टाकला की वॉर्ड, इमारत आणि अधिकाऱ्याचा शासकीय ईमेल मिळतो. अर्ज त्या ईमेलवर पाठवावा आणि एक प्रत कार्यालयात प्रत्यक्ष देऊन आवक शिक्क्याची पोच घ्यावी. माझ्या मते ही शिक्क्याची पोच हाच या सगळ्यातील सर्वांत मौल्यवान कागद आहे, कारण अर्ज मुदतीत केला होता याचा पुरावा उद्या तोच असेल.

अर्ज दीड पानाच्या वर नसावा. पॅन, निर्धारण वर्ष २०२५-२६, सूचनेवरील मागणी क्रमांक आणि रक्कम, मागणी मान्य असल्याचे स्पष्ट वाक्य, आणि कलम २२०(३) चा उल्लेख. त्यानंतर अडचण, ती कथन करण्यापेक्षा कागदांनी दाखवावी. नोकरी संपल्याचे पत्र, सहा महिन्यांचा बँक खात्याचा उतारा, गृहकर्जाच्या हप्त्याचे विवरण, घरातील इतर मिळकत व खर्च यांचा एका पानाचा तक्ता. आणि सर्वांत शेवटी तारखांसह हप्त्यांचे वेळापत्रक आपणच सुचवावे. ‘योग्य ते हप्ते मिळावेत’ असे मोघम लिहिलेला अर्ज अधिकाऱ्याला निर्णय घ्यायला काहीच देत नाही. ‘दरमहा ५ तारखेस १५,००० रुपये’ असे लिहिले की त्याला केवळ होय किंवा नाही म्हणायचे उरते.

आपल्या जागी मी असतो तर तीस दिवसांच्या आत ३९,३३० रुपये भरून चलन अर्जाला जोडले असते आणि उरलेल्या ९०,००० रुपयांसाठी सहा हप्ते मागितले असते. मोकळ्या हाताने गेलेल्या करदात्यापेक्षा काही भरून आलेल्याकडे अधिकारी निराळ्या नजरेने पाहतो.

टेंभीनाका

उपवन यांनी कायद्याची बाजू चोख मांडली आहे. मी बँकेतून निवृत्त झालो आहे, म्हणून पैशाच्या बाजूने दोन शब्द.

हप्ते मंजूर झाले तरी कलम २२०(२) चे व्याज माफ होत नाही. तीस दिवस संपल्यानंतर उरलेल्या रकमेवर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला एक टक्का, म्हणजे वर्षाला १२ टक्के सरळव्याज. उपवन यांनी सुचवलेल्या वेळापत्रकात पहिल्या महिन्यात ९०० रुपये, मग ७५०, ६००, ४५०, ३०० आणि शेवटी १५०, असे एकूण सुमारे ३,१५० रुपये व्याज पडेल. चक्रवाढ नाही, प्रक्रिया शुल्क नाही. नोकरी नसताना वैयक्तिक कर्ज मिळणे कठीण आणि मिळालेच तर शुल्क धरून यापेक्षा महाग पडेल. क्रेडिट कार्डाने कर भरून त्याचे बिल पुढे ढकलत राहण्याचा मोह मात्र कृपया टाळावा. तेथे व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढे जाते, वर पेमेंट गेटवेचे शुल्क वेगळे.

याला एक अपवाद आहे. आपल्या किंवा पत्नीच्या नावावर मुदत ठेव असेल तर तिच्यावरील कर्ज साधारण ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त दराने मिळते, जे १२ टक्क्यांपेक्षा कमीच राहते, आणि त्याला पगारपत्रक लागत नाही. तसे असेल तर सरळ एकरकमी भरून मोकळे व्हावे. अर्ज नको, खेपा नकोत. ठेव मोडण्याचीही गरज नाही.

ऐरोली

माझाही प्रश्न याच जातीचा आहे, म्हणून येथेच विचारतो. मी याच वर्षी ऑगस्टमध्ये नोकरी बदलली आहे. कोलशेतकर यांच्यावर आलेली वेळ माझ्यावर पुढच्या वर्षी येऊ नये यासाठी आत्ता काही करता येईल का?

उपवन

येईल, आणि नोव्हेंबर ही त्यासाठी चांगली वेळ आहे. आधीच्या कंपनीतील पगार आणि कापलेला कर यांची माहिती फॉर्म १२बी मध्ये भरून नव्या कंपनीच्या वेतन विभागाला द्यावी. ती मिळाल्यावर कलम १९२(२) नुसार दोन्ही पगार एकत्र धरून मार्चपर्यंतच्या पगारांतून टीडीएस कापला जातो. हातात येणारा पगार चार-पाच महिने लक्षणीय घटेल, परंतु खरे पाहता बिनव्याजी हप्ते म्हणतात ते हेच.

कंपनीने सोय दिली नाही तर आगाऊ कर स्वतः भरावा. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक राहत असेल तर आगाऊ कर लागू होतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. आपले पहिले दोन टप्पे गेले, त्यांचे २३४क चे व्याज आता टळणार नाही, पण १५ डिसेंबरला तूट भरून काढली तर पुढचे टळेल आणि मार्चअखेर ९० टक्के भरणा झाला की २३४ब चा प्रश्नच येत नाही. कोलशेतकर यांच्या १,२९,३३० मध्ये जवळजवळ १५ हजार रुपये केवळ या दोन व्याजांचे आहेत, हे पाहिले की डिसेंबरची तारीख विसरणार नाही.

कोलशेतकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुदत ठेव आहे ती आईच्या नावावर आणि तिच्या औषधोपचारांसाठी राखलेली, त्यामुळे तिला हात लावायचा नाही. हप्त्यांचाच मार्ग धरतो. पॅनची नोंद ठाण्याचीच निघाली. अर्ज तयार करायला घेतला आहे, पण तीन शंका उरल्या आहेत. पोर्टलवर ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’मध्ये मागणी बरोबर असल्याचे कळवावे की आदेश येईपर्यंत थांबावे? चलन कोणत्या शीर्षाखाली भरावे? आणि जानेवारीत नोकरी लागली व सर्व रक्कम एकदम भरता आली, तर मंजूर वेळापत्रक आड येईल का?

उपवन

मागणी बरोबर आहे असे अवश्य कळवावे. एकदा तसे नोंदवल्यावर नंतर असहमती दाखवता येत नाही, म्हणून २६एएस तपासल्यानंतरच कळवावे. परंतु अर्जात मान्यता आणि पोर्टलवर मौन अशी विसंगती ठेवू नये.

चलनाच्या बाबतीत, विवरणपत्रापूर्वी भरतो तो स्वयंनिर्धारण कर, त्याचे उपशीर्ष ३००. आपली आता मागणी आहे, म्हणून उपशीर्ष ४००, नियमित निर्धारणाचा कर. सोपा मार्ग म्हणजे त्याच आउटस्टँडिंग डिमांडच्या पानावरील ‘पे नाऊ’ दाबावे. मागणी क्रमांक चलनाला आपोआप जोडला जातो, रक्कम तेवढी आपल्या हप्त्याइतकी टाकावी. ३०० खाली भरलेले पैसे बुडत नाहीत, पण मागणीसमोर त्यांची नोंद होत नाही आणि दुरुस्तीचा व्याप मागे लागतो. चलन तयार केल्यावर ते पंधरा दिवसच चालते, तेव्हा सहाही चलने आजच काढून ठेवू नयेत.

मुदतीपूर्वी फेडण्यास कोणतीही आडकाठी नाही. भरलेल्या दिवसापासून त्या रकमेवरील व्याज थांबते. उलट बाजू मात्र कडक आहे. कलम २२०(५) नुसार एक हप्ता जरी ठरलेल्या तारखेला चुकला तरी त्या वेळी बाकी असलेली संपूर्ण रक्कम त्याच दिवशी देय झाली असे धरून करदाता तिच्यापुरता थकबाकीदार मानला जातो. म्हणून वेळापत्रक सुचवताना हात आखडता ठेवावा. १५,००० ओढाताणीचे वाटत असतील तर आत्ताच १०,००० चे नऊ हप्ते मागावेत. व्याज ४,५०० होईल, पण आदेश मोडणार नाही.

आणखी दोन गोष्टी. २२०(२) चे व्याज हप्त्यांत धरलेले नसते. मूळ मागणी फिटल्यावर ते वेगळी मागणी म्हणून दिसू शकते, तेव्हा शेवटच्या हप्त्यानंतरही पोर्टल पाहत राहावे. कलम २२०(२अ) खाली हे व्याज कमी किंवा माफ करण्याचा अधिकार प्रधान आयुक्तांना आहे, पण खरी अडचण, आवाक्याबाहेरची परिस्थिती आणि चौकशीत सहकार्य या तिन्ही अटी सिद्ध कराव्या लागतात; तीन-चार हजारांसाठी तो खटाटोप मी तरी सुचवणार नाही.

दुसरे, आपले काही हप्ते १ एप्रिल २०२६ नंतर पडतील आणि त्या दिवसापासून आयकर कायदा, २०२५ लागू होत आहे. त्याने घाबरून जाऊ नये. ही मागणी जुन्या कायद्याखालच्या वर्षाची असल्याने तिचे कामकाज जुन्या कायद्यानुसारच चालेल; फक्त नव्या वर्षाच्या कागदांवर कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील.

सानपाडा

२० टक्क्यांविषयीचा खुलासा वाचला. माझ्या सहकाऱ्याचे अपील प्रलंबित होते, हे त्याला विचारल्यावर कळले. एक विचारायचे राहिले. हप्ते चालू असताना पुढच्या वर्षीचा परतावा निघाला तर तो मिळतो का?

उपवन

तो बहुधा या मागणीत वळता होईल. कलम २४५ खाली तसे करण्यापूर्वी विभाग सूचना पाठवतो आणि उत्तर देण्यास २१ दिवस मिळतात. हप्त्यांचा आदेश असल्यास त्याची प्रत उत्तरासोबत जोडून वळते करू नये असे म्हणता येते, पण १२ टक्क्यांचे व्याज चालू असताना परतावा त्यातच जाऊ देणे कोलशेतकर यांच्या फायद्याचे ठरेल. असे झाले तर उरलेल्या हप्त्यांचा नवा हिशेब अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावा, तोंडी समजुतीवर पुढचा हप्ता थांबवू नये.